एक एकर साग लावा आणि २० वर्षांत कोटी कमवा, हे गणित लासलगावच्या शेतात खरंच जुळतं का?

"एक एकरात १००० सागाची झाडं लावा, २० वर्षं विसरून जा, नंतर थेट १ कोटी रुपये."

हा मेसेज किंवा रील तुमच्याही मोबाईलवर येऊन गेली असेल. मागे उंच, सरळसोट झाडांच्या रांगा आणि खाली रोपं विकणाऱ्याचा नंबर. कांदा पट्ट्यातल्या व्हॉट्सअप ग्रुपवर ती जरा जास्तच फिरते आणि त्याला कारणही आहे.

लासलगाव म्हणजे आशियातली सर्वात मोठी कांदा बाजारपेठ. १९४७ पासून इथं बाजार समिती आहे. सकाळच्या लिलावात काय भाव फुटला यावर निफाड, चांदवड, येवल्यातल्या हजारो घरांचं वर्ष ठरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. ती उठायला मे २०२४ उजाडलं. अशा वर्षातून गेलेल्या माणसाला कोणी सांगितलं की, या झाडाला ना लिलावाची घाई, ना चाळीत सडण्याची भीती, तर तो ऐकणारच.

मग प्रश्न येतो की साग लावावा की नाही? आणि लावायचा तर कुठं? त्यासाठी आधी हे झाड नीट समजून घेऊया.

सागाला एवढी किंमत का आहे?

सागाचं शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. ग्रीक भाषेत 'टेक्टोन' म्हणजे सुतार. म्हणजे झाडाच्या नावातच सुतार बसलाय. गंमत म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञ आज सागाला तुळशीच्या कुळात धरतात. इंग्रजीतला 'टीक' हा शब्दही आपल्याकडूनच गेलाय. मल्याळममधल्या 'तेक्कु'चं पोर्तुगीजांनी 'तेका' केलं आणि तिथून पुढं टीक झालं.

साग मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या देशांचा. हा पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की तो पानं टाकून देतो आणि वाढ थांबवतो. पाऊस आला की पुन्हा सुरू. या थांबण्या-वाढण्याच्या चक्रामुळं त्याच्या खोडात स्पष्ट वर्तुळं तयार होतात. ही वर्तुळं इतकी स्वच्छ असतात की पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळमधल्या जुन्या सागांची वर्तुळं मोजून पाचशेहून जास्त वर्षांच्या दुष्काळांचा इतिहास मांडलाय.

आता मुद्द्याची गोष्ट. सागाच्या खोडाचे दोन भाग असतात. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग आणि आतला सोनेरी-तपकिरी गाभा. सागाचं जे काही नाव आहे ते या गाभ्याचं आहे. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं असतात, त्यामुळं वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यात नैसर्गिक रबरासारखा तेलकट अंशही असतो, म्हणून रंधा मारलेल्या सागावर हात फिरवला की तो किंचित तेलकट लागतो आणि पाणी सहज आत शिरत नाही. वर, ऊन-पावसात तो इतर लाकडांच्या मानाने फार कमी फुगतो आणि कमी वाकतो. दार पावसाळ्यात अडकत नाही ते यामुळं.

बाहेरच्या पांढऱ्या भागात मात्र यातलं फारसं काही नसतं. त्याला वाळवीही लागते आणि कीडही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं गणित इथंच अडणार आहे.

या लाकडावर जहाजं चालली, वाडे उभे राहिले

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत. त्या सागाच्या मानल्या जातात आणि दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत.

मराठ्यांच्या आरमारालाही साग लागायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. साग वगैरे लाकूड लागेल तेवढं परवानगीनं तोडावं, जास्त लागलं तर परमुलखातून विकत आणावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा त्याचा आशय. कारणही दिलंय, की ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब सागालाही तेवढाच लागू पडतो.

पुढं मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबानं इंग्रजांसाठी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथं तरंगतंय. इंग्लंडच्या ओक लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकायचं. सागात तो त्रास नव्हता.

जहाजांसाठी जंगलं इतकी तुटली की इंग्रजांना साग लावायची वेळ आली. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी चाथू मेनन यांच्या मदतीनं केरळमधल्या निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. जगातल्या सर्वात जुन्या साग लागवडींमध्ये ती गणली जाते.

आपल्याकडं सागाचं नाव घेतलं की आलापल्ली आणि बल्लारपूर आठवतं. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागाचं लाकूड गेलं. लाकडाच्या वखारीत 'सीपी टीक' असं ऐकू येतं, ते जुन्या 'सेंट्रल प्रोव्हिन्सेस'वरून, म्हणजे विदर्भ आणि मध्य प्रदेशचा साग. 'वलसाडी साग' म्हणजे डांगच्या बाजूचा. 'बर्मा टीक' म्हणजे म्यानमारचा. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात थांबवली. त्यानंतर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग आपल्याकडं जास्त येऊ लागला.

म्हणजे सागाला मागणी आहे यात शंका नाही. अडचण वेगळीच आहे.

कोटीचा आकडा येतो कुठून?

हे गणित साधं आहे. २ बाय २ मीटरवर झाडं लावली तर एकरात साधारण १००० बसतात. प्रत्येक झाड १० घनफूट लाकूड देईल असं धरायचं. घनफुटाला समजा १००० रुपये भाव. १००० × १० × १००० = १ कोटी.

आता यातला १० घनफुटाचा आकडा तपासू.

लाकूड मोजायची आपल्याकडची जुनी पद्धत अशी आहे: ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याला त्याच आकड्यानं गुणायचं आणि मग लांबीनं गुणायचं. १० फूट लांबीचा ओंडका धरला तर,

- घेर २ फूट असेल तर २.५ घनफूट
- घेर ३ फूट असेल तर साधारण ५.६ घनफूट
- घेर ४ फूट असेल तर १० घनफूट

बघा, घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं. म्हणजे सागाचा पैसा झाडांच्या संख्येत नाही, घेरात आहे.

१० घनफुटासाठी ४ फूट घेर हवा, म्हणजे सुमारे ३९ सेंटीमीटर व्यास. २० वर्षांत एवढं व्हायचं तर झाडाची जाडी दर वर्षी जवळपास २ सेंटीमीटर वाढली पाहिजे, तीही एकही वर्ष न चुकता आणि १००० च्या १००० झाडांची. कोरडवाहू भागात याच्या निम्मी वाढ मिळाली तरी चांगलं म्हणायचं. निम्म्या वाढीला २० वर्षांनी घेर होतो साधारण २ फूट आणि लाकूड अडीच घनफूट.

दुसरी गोष्ट, २ बाय २ मीटरवर लावलेली सगळी झाडं शेवटपर्यंत ठेवताच येत नाहीत. पाच-सात वर्षांत फांद्या एकमेकांत घुसतात, ऊन मिळेनासं होतं आणि सगळीच झाडं काठीसारखी बारीक राहतात. म्हणून विरळणी करावी लागते. कमजोर झाडं काढायची आणि चांगल्यांना जागा द्यायची. समजा शेवटी ३०० झाडं राहिली आणि प्रत्येकी अडीच घनफूट मिळालं, तर तोच १००० रुपये भाव धरूनही आकडा येतो साडेसात लाख.

आणि तो भाव तरी मिळेल का? इथं ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट येते. कोवळ्या झाडात पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त असतं. गाभा वयानं वाढतो. २ फूट घेराच्या ओंडक्यातून पांढरा भाग काढला की हातात थोडंच राहतं, आणि व्यापारी भाव करतो तो याच हिशेबानं. सरकारी जंगलात साग ६० ते ८० वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवतात, ते उगाच नाही.

"पण आमची रोपं टिश्यू कल्चरची आहेत," असं विकणारा सांगतो. सागाचं टिश्यू कल्चर ही खरी गोष्ट आहे. १९८० च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्कारेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर सुरुवातीचं महत्त्वाचं काम केलं. त्याचा फायदा असा की चांगल्या झाडासारखीच एकसारखी, सरळ वाढणारी रोपं मिळतात. पण गाभा भरायला लागणारी वर्षं प्रयोगशाळेत कमी करता येत नाहीत.

हे आधीही झालंय

१९९० च्या दशकात सागाच्या नावावर देशभर कंपन्या उभ्या राहिल्या. तुम्ही थोडे पैसे भरा, आम्ही तुमच्या नावानं झाडं लावतो, काही वर्षांनी मोठी रक्कम घ्या, अशा जाहिराती पेपरात यायच्या. नोकरदार आणि निवृत्त लोकांनी पैसे घातले. १९९८ मध्ये चेन्नईची अनुभव प्लांटेशन्स बुडाली आणि इतरही अनेक योजना कोसळल्या. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीनं अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले.

त्यामुळं आजही कोणी "जमीन आमची, झाड तुमचं, परतावा नक्की" म्हणत असेल तर पहिला प्रश्न विचारा, सेबीकडं नोंदणी आहे का? आणि कोणी "२० वर्षांनी आम्हीच विकत घेऊ" म्हणत असेल तर २० वर्षांनी ती कंपनी असेल का, याचा विचार करा.

लासलगावच्या जमिनीत साग येतो का?

येतो, पण सगळीकडं सारखा येत नाही.

सागाला साधारण १२०० मिलिमीटरच्या पुढं पाऊस, तीन ते पाच महिने कोरडा काळ आणि पाण्याचा निचरा होणारी खोल जमीन आवडते. नाशिक जिल्ह्यातच पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरात साग नैसर्गिकरीत्या उगवतो, कारण तिथं पाऊस भरपूर आहे. निफाड-चांदवड-येवल्याकडं मात्र ५००-६०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. तिथं साग जगतो, पण पाणी दिलं नाही तर सावकाश वाढतो.

जमिनीचं म्हणाल तर गोदाकाठची भारी काळी जमीन कांद्या-उसाला चांगली, पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. सागाच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही. उलट माळाच्या मुरमाड जमिनीत निचरा होतो, पण मुळांना खोली मिळत नाही आणि झाड खुजं राहतं. या दोन्हीच्या मधली, चुना असलेली मध्यम खोल जमीन सागाला मानवते.

तिसरी गोष्ट थंडी. निफाडचा पारा हिवाळ्यात राज्यात सर्वात खाली जातो, काही वर्षी ४ अंशांच्याही खाली. द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात ते यासाठीच. मोठ्या झाडाला त्याचं फार नाही, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाचा कोवळा शेंडा अशा थंडीत जळू शकतो.

मग लावायचा कुठं? बांधावर

कांद्याचं रान मोडून साग लावणं म्हणजे दर वर्षी हातात येणारं उत्पन्न २५-३० वर्षांसाठी बंद करणं. पण बांध तर तसाही रिकामा असतो.

एक एकराच्या चौरस तुकड्याचा परिघ साधारण २५० मीटर भरतो. त्यातल्या दोन बाजूंना ३ मीटरवर झाडं लावली तरी ४० झाडं बसतात. बांधावरच्या झाडाला बाजूनं मोकळं ऊन मिळतं आणि शेतातल्या पाण्याचा, खताचा वाटाही मिळतो. त्यामुळं ते दाट लागवडीतल्या झाडापेक्षा लवकर जाड होतं. फक्त ऊन मिळतं म्हणून फांद्याही जास्त फुटतात. त्या लहान असतानाच काढल्या तर खोड सरळ आणि गाठी कमी.

लावताना या गोष्टी बघा:

- साग बियाणं टाकून लावण्यापेक्षा स्टंप लावतात. वर्षभराचं रोप घेऊन वरचा भाग दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापतात आणि मुळी १५-२० सेंटीमीटर ठेवतात. काही भागांत याला जडी म्हणतात. पहिला चांगला पाऊस झाल्यावर ती लावायची.
- स्टंपला अनेक फुटवे येतात. त्यातला एकच जोमदार ठेवायचा.
- पहिली दोन-तीन वर्षं तण काढणं आणि उन्हाळ्यात पाणी देणं महत्त्वाचं. पुढची वाढ यावरच ठरते.
- पावसाळ्यात पानांची जाळी करणाऱ्या अळ्या येतात. झाड सहसा मरत नाही, पण त्या वर्षाची वाढ घटते.
- उन्हाळ्यात खाली पडलेली मोठी पानं सुकतात. बांध पेटवायची सवय असेल तर ती आधी सोडा.

आणि सावलीचा विचार करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कलतो, सावली उत्तरेला पडते. दक्षिणेच्या बांधावर साग लावला तर सावली तुमच्याच रब्बी कांद्यावर येणार. उत्तरेच्या बांधावर लावला तर ती शेजाऱ्याच्या रानात जाणार. त्यामुळं उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक असेल तर ती बाजू उत्तम. नसेल तर पूर्व-पश्चिमेचे बांध बघा आणि लावण्याआधी शेजाऱ्याशी बोला. बांध सामाईक असेल तर झाड कोणाचं, हा वाद २५ वर्षांनी लाकडाचा भाव आल्यावरच उभा राहतो. शंका असेल तर आधी मोजणी करून घ्या.

झाड तुमचं, पण कुऱ्हाड लावायला परवानगी लागते

ही गोष्ट रीलमध्ये कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबतचा १९६४ चा कायदा आहे. त्यात आंबा, चिंच, फणस, खैर, मोह अशा झाडांची यादी आहे आणि सागही त्यात येतो. म्हणजे स्वतःच्या शेतातला, स्वतः लावलेला साग तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यानंतर लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो.

"आमच्याच झाडाला परवानगी कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. पण जंगलातून चोरलेला साग आणि शेतातला साग एकदा ट्रकमध्ये चढला की सारखाच दिसतो. हा माल कुठून आला, याचा पुरावा म्हणजे तो परवाना. तो नसेल तर तुमचं कायदेशीर लाकूडही जप्त होऊ शकतं. याच कारणामुळं कागद नसलेल्या झाडाला व्यापारी पाडून भाव मागतो.

म्हणून कागदाचं काम तोडताना नाही, लावताना सुरू करा. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवता येतात. ती नोंद सातबाऱ्यावर दिसू द्या. रोपांची पावती जपून ठेवा. तोडण्याची वेळ आली की आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन त्या वेळचे नियम विचारा, मगच व्यापाऱ्याला बोलवा. आणि सौदा "झाडाला इतके" असा नगावर करू नका. घेर मोजा, वरचं सूत्र लावा आणि घनफुटावर बोला.

थोडक्यात काय?

साग हे खोटं स्वप्न नाही. तो खरोखरच भारी झाड आहे. खोटं आहे ते त्याच्यावर लावलेलं २० वर्षांचं घड्याळ. कांदा चार महिन्यांत निकाल देतो, साग एका पिढीत देतो. कांद्याच्या नुकसानीवरचा उपाय म्हणून साग लावला तर निराशाच होईल, कारण पोरांच्या फीचा हप्ता पुढच्या जूनमध्ये भरायचा असतो आणि साग त्या जूनमध्ये जेमतेम कमरेएवढा झालेला असतो.

पण पोरगी पहिलीत गेली त्या वर्षी बांधावर ४० झाडं लावली, नोंद केली, पहिली तीन वर्षं पाणी घातलं आणि नंतर घाई केली नाही, तर ती पस्तिशीची होईल तेव्हा तिच्याकडं घराच्या दारा-खिडक्यांचं लाकूड असेल किंवा विकायला काहीतरी असेल. तोवर वावरात कांदा चालूच राहतो.

ती १ कोटीची रील पुन्हा आली तर फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला एकच विचारा, "घेर किती धरलाय?"